बाबांना ऐकू येत होतं

९ फेब्रुवारी, दुपार
रुग्णालयाच्या व्हरांड्यातून

बारक्या,

बाबा गेले नाहीत हे कळवल्यापासून तू फोन उचलत नाहीयेस. ते जाणार आहेत म्हटलं तेव्हा पहिल्या रिंगला उचललास. आता ते जगलेत, तर फोन वाजून वाजून बंद पडतो. याला काय म्हणावं?

मेसेज वाचलास, हे मला दिसलंय. ‘बाबा शुद्धीवर आलेत. खरं तर शुद्ध गेलीच नव्हती. त्यांना सगळं ऐकू येत होतं.’ एवढंच लिहिलं होतं मी, आनंदाच्या भरात. त्यानंतर तू गप्प. तुझ्या लग्नाचा फोटो आला होता, त्या पाकिटावरचा पत्ता माझ्याकडे होता. म्हणून हे पत्र. पाकिटाला ‘स्विच ऑफ’ करता येत नाही.

तुला तुकड्या-तुकड्यानेच कळलंय, म्हणून सगळं सांगते. त्या दिवशी सकाळी एका बोटवाल्याने बाबांना मासा आणून दिला. इंजिन वेळेत दुरुस्त करून दिल्याची भेट. तो फुगणारा मासा असतो ना, बोटाने डिवचला की चेंडू होतो, तो. तो विषारी असतो हे बोटवाल्यालाही ठाऊक नव्हतं, बाबांनाही नाही. बाबांनी तो स्वतः साफ केला, काळजासकट तळला आणि खाल्ला. खाऊन वर्कशॉपमध्ये गेले. थोड्या वेळात म्हणायला लागले, ओठांना मुंग्या येताहेत. मग बोटांना. मग हातातला पाना पडला. उचलला, पुन्हा पडला. काकाला वाटलं, सकाळीच घेतलीये की काय. ‘दादा, काय रे हे, या वयात?’ असं म्हणून तो हसलासुद्धा. बाबा काहीतरी बोलले, ते कुणाला समजलं नाही, कारण तोवर जीभ जड झाली होती. मग पाय गेले. रुग्णालयात पोचेपर्यंत श्वास तुटत चालला होता.

घशात नळी घातली, मशीन लावलं. मी कॉलेजातून धावत आले तेव्हा ते आढ्याकडे बघत पडले होते. बघत होते असंही म्हणवत नव्हतं. बाहुल्या मोठ्या, टॉर्च मारला तरी जागच्या हलत नव्हत्या. चिमटा काढला, काही नाही. ड्यूटीवरचा डॉक्टर म्हणाला, ‘ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवून घ्या.’

म्हणून मी तुला फोन लावला. वर्कशॉपमधल्या त्या भांडणानंतर तू बाबांशी एक शब्द बोलला नव्हतास, तरी लावला. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालास, ‘ताई, फोन त्यांच्या कानाला लाव आणि तू बाजूला हो.’ मी उशीवर फोन टेकवला आणि खिडकीपाशी जाऊन उभी राहिले. खाली पार्किंगमध्ये एक माणूस एकाच गाडीच्या टायरला पुन्हा पुन्हा लाथ मारून हवा बघत होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. तू काय बोललास ते मी ऐकलेलं नाही. खरंच नाही.

मी स्वतः त्यांच्याशी काही बोलले नाही. माझ्याकडे बोलण्यासारखं काही नव्हतं.

फोन उचल.

ताई

१२ फेब्रुवारी
कॉलेजची स्टाफरूम, दोन तासांच्या मध्ये

बारक्या,

अजून नाही उचललास. ठीक आहे.

तुला वाटत असेल, ताई काहीतरी फेकतेय. जो माणूस पापणी हलवू शकत नाही, ज्याला चिमटा कळत नाही, त्याला ऐकू कसं येईल? मलाही वाटलं होतं. दरवर्षी अकरावीला हाच धडा शिकवते आणि मलाच वाटलं होतं.

अतिदक्षता विभागाच्या मुख्य डॉक्टर संध्याकाळी आल्या. आल्या आल्या विचारलं, ‘खाल्लं काय होतं?’ काकाने मासा सांगितला, हातवारे करून तो कसा फुगतो तेही दाखवलं. बाई हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, ‘तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना? मग मज्जापेशीत सोडियम आत शिरलं नाही तर काय होईल, सांगा.’ मी त्या बिछान्यापाशी वर्गात उत्तर द्यावं तसं उत्तर दिलं.

तुलाही सांगते, कारण तुला पटायला हवंय. तेव्हा तू या धड्याला मागच्या बाकावर झोपला असशील.

नसेतली पेशी स्वस्थ असते तेव्हाही तिचं काम चालू असतं. तिच्या आत पोटॅशियम जास्त, बाहेर सोडियम जास्त. आतली बाजू बाहेरच्या मानाने किंचित ऋण. हा फरक राखायला ती सारखी सोडियम बाहेर फेकत असते आणि पोटॅशियम आत ओढत असते. तिच्या पडद्याला सोडियमसाठी बारीक दारं असतात, ती एरवी बंद. मग काहीतरी येतं. कुणी हात लावतं, किंवा मेंदूकडून हुकूम सुटतो. आतला ऋणपणा जरासा कमी होतो. जरासाच झाला तर काही घडत नाही, पेशी पुन्हा होती तशी. पण एका मर्यादेपलीकडे गेला, की ती दारं धडाधड उघडतात, सोडियम आत घुसतं आणि आतली बाजू क्षणभर धन होऊन जाते. तोच विजेचा झटका. लगेच ती दारं बंद होतात, पोटॅशियम बाहेर पडतं, सगळं पूर्वीसारखं. पण तेवढ्यात शेजारच्या तुकड्यातली दारं उघडलेली असतात, मग त्याच्या पुढची. असा तो झटका नसेच्या या टोकापासून त्या टोकाला पोचतो. अर्धामुर्धा झटका नसतो. होतो तर पुरता, नाहीतर नाहीच. जोरात चिमटा काढलास तर झटका मोठा होत नाही. तेवढेच झटके भराभर येतात.

त्या माशाचं विष नेमकं सोडियमच्या दारात बूच मारून बसतं. हुकूम सुटतो, दार उघडत नाही. म्हणून हात नाही, पाय नाही, छाती फुगवणारे स्नायू नाहीत. हृदयातली दारं जरा वेगळ्या घडणीची, तिथे हे बूच नीट बसत नाही, म्हणून हृदय चालू. आणि मेंदूत हे विष सहसा पोचतच नाही, कारण तिथल्या रक्तवाहिन्यांची गाळणी फार कडक असते.

‘म्हणजे ते आत जागे आहेत?’ मी विचारलं.

‘असतील असं धरूनच आम्ही चालतो. कानांचं कसं वाचतं ते मी नेमकं सांगू शकत नाही, पण असे रुग्ण नंतर सगळं बोललेलं सांगतात. बूच हळूहळू निघतं, शरीर विष बाहेर टाकतं. तोवर श्वास आपण द्यायचा. दुसरं औषध नाही.’ मग त्या बाबांच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या, ‘आजोबा, तुम्ही मेलेले नाही आहात. घाबरू नका. उद्या-परवा हलायला लागाल.’

मी वळून काकाकडे बघितलं. कारण तोवर काका आणि त्याचा मेव्हणा दुपारभर बिछान्याच्या दोन बाजूंना उभे राहून वर्कशॉपचं काय करायचं ते ठरवत होते. अर्धं शटर भाड्याने द्यायचं, मागची लेथ विकायची. प्रेताशेजारी हळू बोलावं तसं बोलत होते, पण बोलत होते.

दुसऱ्या दिवशी डाव्या हाताची करंगळी हलली. मग पापणी. नळी काढली त्यानंतर घसा खरवडलेला, आवाज भांडं घासल्यासारखा. काका आत आला, ‘दादा!’ म्हणून रडायलाच लागला. बाबांनी पहिलं वाक्य काय बोलावं?

‘कुठलं शटर भाड्याने देतोयस रे?’

काका त्यानंतर दोन दिवस फिरकला नाही. सिस्टर अजून आठवून हसतात.

तेव्हा तूच ठरव, ऐकू येत होतं की नव्हतं.

पण तुझ्याबद्दल एक अक्षर नाही. मी विचारलं, ‘बारक्याचा फोन आला होता, कळलं का?’ त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाणी मागितलं, आणि तोंड भिंतीकडे केलं.

काय बोललास तू? शिव्या दिल्यास का? दिल्या असतील तर दिल्या, त्यात काय. त्यांनाही येतात.

तास सुरू झाला. जाते.

ताई

२० फेब्रुवारी
घर

बारक्या,

बाबांना माझ्याकडे आणलंय. एकटंच राहायचं म्हणत होते, मी ऐकलं नाही. तसे आता बरे आहेत. चालतात. बोटांत अजून नीट जोर नाही, शर्टाचं बटण लावताना चिडतात, पण डॉक्टर म्हणतात तेही येईल.

मला मात्र एका जागी बसवत नाही. हे पत्र लिहितानाही दोनदा उठून आले. चहा ठेवला, तो उतू गेला. वर्गात शिकवता शिकवता थांबते आणि मुली माझ्याकडे बघत राहतात. बाबा झोपलेले दिसले की त्यांच्या छातीकडे लक्ष जातं, वरखाली होतेय का. ते डोळे न उघडता म्हणतात, ‘चालू आहे.’

आणि तेही कमी अस्वस्थ नाहीत. काहीतरी शिजतंय त्यांच्या डोक्यात. तुला सांगते, बघ काही उलगडतंय का.

परवा मला म्हणाले, ‘पोरं चालायला लागतात ती केव्हा?’ मी म्हटलं, ‘वर्षाच्या आसपास. का?’ ‘सहज.’ मग थोड्या वेळाने, ‘मग दीड वर्षाचं पोर पडत का असतं सारखं?’ मी सांगितलं, नसांवर एक चरबीचं वेष्टण असतं, त्याने झटका जलद पोचतो, लहानपणी ते पुरतं चढलेलं नसतं, वर्षानुवर्षं चढत राहतं. ते मान हलवत ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्या विषयात रस घेतला असेल! ‘म्हणजे त्याची चूक नसते,’ म्हणाले. मी म्हटलं, ‘कुणाची?’ ‘पोराची. कुणाही पोराची. धडपडतं त्याची.’

काल जेवताना, ‘दीड वर्षाच्या मुलाला बोललेलं समजतं का?’

मी ताट बाजूला सारलं आणि आत जाऊन डॉक्टरांना फोन केला. डोक्यावर काही परिणाम झालाय का, विचारलं. मशीनवर असताना मेंदूला ऑक्सिजन कमी पडला असेल, असं माझ्या मनात सारखं येतं. त्या म्हणाल्या, ‘बोलण्यात ताळमेळ आहे का?’ मी म्हटलं, ‘ताळमेळ आहे, पण विषय एकच.’ त्या म्हणाल्या, ‘कुठला?’ मी सांगितल्यावर त्यांनी मलाच उलट विचारलं, ‘घरात कुणाला मूल झालंय का?’

‘नाही,’ म्हटलं मी.

आणखी एक सांगायचं राहिलं. पहिल्या पत्रात लिहिलं होतं, मी त्यांच्याशी काही बोलले नाही. ते खरं नाही. तुझा फोन झाल्यावर मी त्यांचा हात धरला आणि म्हणाले, ‘बाबा, जायचं असेल तर जा. इथलं मी बघते.’ मला वाटलं, निरोप असाच देतात. परवा त्यांनी मला ते ऐकवलं. ‘तू म्हणालीस जा. मला असला राग आला! म्हटलं, ही कोण परवानगी देणार? त्या रागानेच करंगळी हलली असेल.’

मी रडले आणि हसलेही. मला हे ऐकवू शकतात, काकाला शटरचं ऐकवू शकतात. मग तुझंच एवढं जपून का ठेवलंय?

उत्तर पाठव. ओळभर लिही. मला या घरात दोन-दोन मुकी माणसं नकोत.

ताई

४ मार्च
घर

बारक्या,

मला कळलंय.

आज कॉलेज लवकर सुटलं. घरी आले तर बाबा नाहीत. जिन्यात बघितलं, वर्कशॉपला फोन केला, तिथेही नाहीत. रस्त्यावर निघाले, अक्षरशः प्रत्येक दुकानात डोकावत. आणि कोपऱ्यावरच्या चपला-बुटांच्या दुकानात ते स्टुलावर बसलेले. समोर बोटभर बुटांचे चार-पाच जोड मांडलेले. दुकानदार हैराण.

‘आजोबा, वय सांगून भागत नाही. पाऊल कसंय? बारीक आहे, रुंद आहे?’

‘ते मला काय माहीत? मी बघितलंय का?’

‘मग निदान मुलगा की मुलगी?’

‘मुलगी,’ बाबा म्हणाले. आणि मग त्यांना मी दिसले.

त्यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. आपण दोघं लहान असताना साखरेच्या डब्यात हात घालून सापडायचो ना, तसा. मी विचारलं, ‘बाबा, कुणाची मुलगी?’ ते बूट एकेक करून खोक्यात ठेवायला लागले. बोटांना नीट जमत नव्हतं. झाकणं उलटीसुलटी बसत होती.

बाहेर आल्यावर बसथांब्याच्या बाकावर बसलो. मी म्हटलं, ‘आता सांगा.’

‘मी कसं सांगू? त्याने मला सांगितलं ते मी मेलो असं धरून सांगितलं. मेलेल्या माणसाने बाहेर येऊन बोलायचं का?’

म्हणजे बघ. हा माणूस वर्कशॉपमध्ये कुणाचं काही पोटात ठेवत नाही. एका बोटवाल्याची भानगड दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला. आणि तुझी गोष्ट मात्र नळी निघाल्यापासून गिळून बसला होता. तुला ती परत हवी असेल तर, म्हणून.

एक बस आली, गेली. मग ते आपणहून बोलले. माझ्याकडे न बघता.

‘आमचं भांडण झालं तेव्हा मी म्हटलं होतं त्याला, सगळ्या कामगारांसमोर. काम सोडून चालला होता म्हणून. उद्या बाप झालास की कळेल, असं म्हणालो होतो. फोनवर तो म्हणाला, बाबा, झालोय. दीड वर्ष झालं. मुलगी आहे. तुम्ही जिंकलात असं वाटू नये म्हणून सांगितलं नाही. पण बाबा, अजून मला काहीच कळलेलं नाही. ती रडते तेव्हा मला कळत नाही का रडते. मी तिच्यावर ओरडतो आणि मग मला तुमचा आवाज ऐकू येतो. हे कधी कळायला लागतं, तेवढं सांगून जा.’

बाबांनी नाक पुसलं.

‘आणि मी आडवा. मी आतून जीव खाऊन ओरडत होतो. म्हणत होतो, अरे मलाही कळलं नव्हतं. मी उगीच बोललो होतो, रागात. मलाच अजून काही कळलेलं नाही, तुला काय सांगू? पण ओठ हलेनात. साधा ओठ हलेना गं. मग त्याने फोन ठेवला. मला वाटलं, आता हे उत्तर असंच राहणार आत.’

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. शाळेपासून त्या पाठीवर मी हात ठेवला नव्हता. ग्रीसचा वास येतो अजून, आठवडे झाले वर्कशॉपला जाऊन तरी.

मग मला तुझा राग आला. खरंच, संतापच. दीड वर्षं मी आत्या आहे आणि मला पत्ताच नाही? मरणाऱ्या माणसाला सांगतोस, मला नाही? मी मरायची वाट बघत होतास का? तुझ्या बायकोलाही काय वाटलं असेल, कसली ही माणसं, मूल झालं तरी सांगायची चोरी. घरी येताना मी एवढी ताडताड चालत होते की बाबा मागून म्हणाले, ‘अगं, माझ्या नसा अजून नव्या आहेत, जरा दमाने.’

आता मला कळतंय तू फोन का उचलत नाहीस. लाज वाटत असेल. मेलेल्या माणसाला पोटातलं सांगावं आणि तो उठून बसावा, यासारखी फजिती नाही. पण जरा असा विचार कर. दिवसभर त्या खाटेभोवती माणसं बोलत होती. कुणी शटरचं, कुणी लेथचं, मी ‘जा’ म्हणणारी. त्यांना विचारण्यासारखं काही शिल्लक आहे असं धरून बोललेला तू एकटाच होतास.

बूट घेतलेत. दोन मापांचे, कारण दोघांनाही अंदाज येईना. सोबत पाठवतेय. एक जोड मोठा होईल, तो पुढे चालेल.

पत्र बंद करायला घेतलं तर बाबा म्हणताहेत, खाली जागा सोड, मी लिहिणार आहे. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी लिहिते, तुमच्या हातात पेन ठरत नाही. म्हणाले, ‘ठरेल. नाही ठरलं तर हळू लिहीन. त्याचं उत्तर आहे, माझ्याच हातचं जायला हवं.’ बसलेत आता टेबलाशी, जीभ दातांत धरून. मी बघू नये म्हणून डावा हात आडवा धरलाय.

ताई

बारक्या,

मला पण कळलं नव्हतं. खोटं बोललो होतो.

तू बोलत होतास तेव्हा मागे रडत होती ती तीच ना. आवाज खणखणीत आहे. सगळं सांगितलंस आणि नाव सांगायचं राहिलं. मी पडल्या पडल्या वाट बघत होतो.

काय नाव ठेवलंत?

बाबा